बोटभर वर सरकलेली धावपट्टी

मी एक जुना सिम्युलेटर आहे. सिम्युलेटर म्हणजे जमिनीवरून कधीच न उठणारे विमान. मित्रांनो, मला पंख नाहीत, शेपटी नाही, इंजिन नाही. आहे ते फक्त विमानाचे तोंड. दोन खुर्च्या, दोन दांडे, पायाशी पेडल, चहूबाजूंनी बटणे आणि काचेबाहेर एक भला मोठा वाकवलेला पडदा. त्या पडद्यावर तीन प्रोजेक्टर आकाश, ढग, डोंगर आणि धावपट्टी उमटवतात. माझ्या पोटाखाली तेलाच्या दाबावर चालणारे सहा पाय आहेत. ते मला असे हलवतात, की आत बसलेला माणूस पाच मिनिटांत विसरून जातो की आपण एका हॉलमध्ये आहोत आणि बाहेर कोणीतरी चहाचा कप घेऊन आपल्या पाळीची वाट बघतो आहे.

विमान कंपनीतले लोक मला 'हत्ती' म्हणत. माझ्या पोटात विमान हजारो वेळा पडले आहे. इंजिने पेटली, चाके अडकली, काचा तडकल्या, वादळांनी विमान उलटे केले. दर वेळी मागच्या खुर्चीतला शिक्षक एक बटण दाबी. सगळे जागच्या जागी थिजे, आणि पडलेले विमान पुन्हा धावपट्टीच्या टोकाशी धडधाकट उभे राही. माझ्यात कधी कोणाला खरचटलेसुद्धा नाही. त्यामुळे मला कोणी भीत नसे. भ्यायला हवे होते, हे फार उशिरा कळले. मलाही आणि त्यांनाही.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. मला घडवणाऱ्यांनी खऱ्या विमानातून शेकडो मोजमापे आणली होती. दांडा किती जोर लावल्यावर किती सरकतो, कोणत्या वेगाला खुर्ची कशी थरथरते, चाके टेकताना कसा आवाज येतो, ते सारे त्यांनी माझ्यात भरले. मग माझे चौदा तुकडे झाले, ते खोक्यांत बसले आणि जहाजातून इथे आले. हॉलचे दार मला लहान पडले, म्हणून एक भिंत पाडावी लागली. त्या दिवशी सगळे कौतुकाने बघत होते. बड्या साहेबांनी स्वतः माझ्यात बसून विमान उतरवले आणि ते धावपट्टी सोडून सरळ कुंपणात घातले. सगळे पोट धरून हसले.

मला जोडले ते मिस्त्रींनी. बुटका, कमी बोलणारा माणूस. माझ्या पायांना कान लावून तो तेलाची कुरकुर ऐके. दर सोमवारी सकाळी पहिल्या सत्राआधी तो माझ्या पडद्यावर उभ्या-आडव्या रेघांची जाळी उमटवी, शिडीवर चढे आणि पट्टीने मोजून बघे. धावपट्टी जिथे दिसायला हवी तिथेच दिसते की नाही, हे तो इतक्या वेळा तपासतो म्हणून बाकीचे त्याची चेष्टा करत. तो एवढेच म्हणे, "शिकवणाऱ्याच्या डोळ्यात फूल पडलं, तर शिकणारे ठेचकाळतील. याला थोडंच काही होणार आहे."

मित्रांनो, विमान कंपनीत नव्याने लागलेल्या वैमानिकाला काय काय करावे लागते, ते आधी सांगतो, म्हणजे पुढची गोष्ट नीट कळेल. ही मुले-मुली अगदीच कोरी नसतात. लहान विमाने त्यांनी उडवलेली असतात, परवाना खिशात असतो. तरी पहिले चार-पाच आठवडे त्यांना विमानाला हातही लावू देत नाहीत. आधी वर्ग. कंपनीचे नियम, जाडजूड पुस्तके, वजनाची गणिते, हवामान, आणि दर शनिवारी परीक्षा. मग भिंतीवर चिकटवलेले कॉकपिटचे मोठे चित्र. त्यासमोर खुर्ची ओढून बसायचे आणि चित्रातल्या बटणांवर बोट ठेवत सगळा क्रम पाठ करायचा. शेजारच्या वर्गातून बघणाऱ्याला वाटावे, ही माणसे भिंतीशी बोलायला लागली. मग एक दिवस पोहण्याच्या तलावात, कपड्यांवर फुगणारे जाकीट घालून. एक दिवस उंचावरच्या दारातून रबरी घसरगुंडीवर उड्या. हा वर्ग एक वरिष्ठ एअर होस्टेस घेई. तिचा आवाज एवढा खणखणीत होता, की तो भिंतीपलीकडून मलाही ऐकू येई. "बसू नका, उडी मारा. बसलात तर मागचा तुमच्या पाठीवर येईल," असे ती प्रत्येक तुकडीला बजावी.

यानंतर ते माझ्याकडे येत. जोडी-जोडीने, दहा सत्रे, प्रत्येक सत्र चार तासांचे. शेवटी परीक्षा.

आणि माझ्यानंतर काय, हे ऐकून बाहेरच्या लोकांच्या तोंडचे पाणी पळते. माझ्यानंतर थेट खरे विमान. शेजारी एक अनुभवी कॅप्टन असतो हे खरे, पण मागे दीडशे प्रवासी बसलेले असतात. म्हणजे नवा वैमानिक ते मोठे विमान आयुष्यात पहिल्यांदा जमिनीवर टेकवतो, त्या वेळी मागे कोणीतरी वर्तमानपत्र वाचत असते, कोणाच्या मांडीवर बाळ झोपलेले असते. एवढा विश्वास माझ्यावर. मला त्याचा अभिमान वाटे.

मिस्त्री निवृत्त झाले, तिथून माझे दिवस फिरले. कंपनीने विमाने वाढवली, वैमानिकांच्या तुकड्या वाढल्या, आणि माझ्या देखभालीचे काम बाहेरच्या कंत्राटदाराला गेले. सोमवारची पट्टी आधी महिन्यावर गेली, मग नुसत्या सहीवर आली. सही करणाऱ्याला दोष देत नाही. त्याला एका दिवसात तीन ठिकाणी जायचे असे. एकदा माझ्या मधल्या प्रोजेक्टरचा दिवा गेला. त्याने आच्छादन काढले, दिवा बदलला, पण प्रोजेक्टर धरून ठेवणारा एक बोल्ट नीट आवळायचा राहिला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला होता. आच्छादन लागले, तो गेला. मग माझे सहा पाय दिवसभर हलत, आणि तो बोल्ट केसाकेसाने सैल होत गेला.

मधले चित्र वर सरकले. किती? बोटभर.

मला हे कळत होते असे म्हटले, तर ते खोटे ठरेल. मी जे दाखवत होतो तेच मला खरे वाटत होते. जमीन आहे त्यापेक्षा जवळ दिसू लागली होती, बस्स. जुने कॅप्टन वर्षातून दोनदा उजळणीला येत, त्यांच्यातले दोघे-तिघे म्हणालेही की आज उतरताना काहीतरी विचित्र वाटले. पण सिम्युलेटर काही विमानासारखा उतरत नाही, ही वैमानिकांची नेहमीचीच थट्टा. ते हसले, चहा प्यायले आणि घरी गेले. माझ्या दाराशी दोष लिहायची वही टांगलेली असे. तिच्यात कोणी काही लिहिले नाही.

त्याच सुमारास बारा जणांची नवी तुकडी माझ्याकडे आली.

त्यांतल्या एका जोडीबद्दल मला सांगायचे आहे. एक जण होता, त्याला सगळे 'नवरदेव' म्हणत. नोकरी लागली त्याच आठवड्यात त्याचे लग्न ठरले होते. शिक्षण संपले की महिनाभरात लग्न, म्हणून तो जाता-येता सगळ्यांच्या थट्टेचा विषय झाला होता. हुशार, नम्र, सांगितलेले लगेच उचलणारा. दुसरी एक तिशीतली बाई होती. तिने पाच वर्षे शेतांवर औषध फवारणारे छोटे विमान उडवले होते, म्हणून तिचे नाव पडले 'फवारा'. पिकाच्या शेंड्यांवरून दोन पुरुष उंचीवर विमान न्यायचे, समोर झाड आले की उचलायचे, पुन्हा खाली आणायचे, हे तिचे रोजचे काम. सहा वर्षांची लेक तिने थोरल्या बहिणीकडे ठेवली होती. सत्र सुरू होण्याआधी माझ्या खुर्चीत बसून ती लेकीला फोन करी. मुलगी पहिला प्रश्न हाच विचारी, "आई, काल किती वेळा पडलीस?" फवारा खरा आकडा सांगे. पलीकडून खुदखुदून हसू येई.

त्यांचे शिक्षक होते मास्तर. म्हणजे कॅप्टनच, पण बावीस वर्षे शिकवल्यामुळे सगळे त्यांना पाठीमागे मास्तर म्हणत. माणूस वाईट नव्हता. कोणाला टाकून बोलत नसे, कोणाला हातचे राखून शिकवत नसे. ते माझ्या पोटात मागच्या बाजूला, आडव्या खुर्चीत, बटणांच्या फळीपाशी बसत. तिथून पडदा तिरपाच दिसतो.

पहिली चार सत्रे बरी गेली. पाचव्या सत्रापासून उतरण्याचा सराव सुरू झाला. विमान जमिनीजवळ आले की एक यंत्राचा आवाज उरलेली उंची फुटांत सांगतो: शंभर, पन्नास, चाळीस, तीस. तिसाच्या आसपास नाक हळूच उचलायचे, म्हणजे चाके अलगद टेकतात. फवाराने पहिल्यांदा विमान उतरवायला घेतले. आवाज 'पन्नास' म्हणाला आणि तिचे डोळे म्हणाले, तीस. तिने डोळ्यांचे ऐकले, नाक उचलले. विमान हवेतच तरंगत राहिले, वेग गेला आणि ते धपकन खाली आले. माझ्या पायांनी तिला चांगलाच दणका दिला.

मास्तरांनी समजावून सांगितले की लहान विमानात वैमानिक जमिनीच्या जवळ बसतो, मोठ्या विमानात उंचावर. नव्या माणसाची नजर बसायला वेळ लागतो. मग ते म्हणाले, "घाई करू नकोस. जमीन आली असं वाटलं, की एक श्वास थांब. मग उचल."

नवरदेवाने ते ऐकले आणि तो थांबला. एक श्वास. मग नाक उचलले, आणि विमान लोण्यावर ठेवल्यासारखे टेकले. मास्तर खूश झाले. बाकीच्या पाच जोड्यांनाही त्यांनी तेच सांगितले. जमीन आली असे वाटले की थांबा. त्यांच्या आवाजात बावीस वर्षांचा अनुभव होता, आणि माझ्या पडद्यावर ते दर वेळी खरे ठरत होते. दिवसाला चार-सहा जण, प्रत्येकी दहा-बारा वेळा, माझ्यात बसून थांबायला शिकत होते. आता त्या दिवसांची आठवण आली की माझ्या सहाही पायांतले तेल गार पडते.

फवाराला मात्र ते जमेना. तिचे हात पाच वर्षांत पक्के झालेले. डोळ्यांनी तीस फूट पाहिले की हात आपोआप उचलत. सहावे सत्र बिघडले, सातवेही. आणखी एक सत्र असे गेले तर तुम्हाला पुढे ठेवायचे का, याचा विचार करावा लागेल, असे पत्र तिच्या हातात पडले. त्या दिवशी लेकीने आकडा विचारला, तेव्हा ती नुसती "पुष्कळ" म्हणाली.

आठव्या सत्रात नवरदेव विमान चालवत होता आणि ती शेजारी बसली होती. विमान वळून धावपट्टीकडे येऊ लागले. वळताना धावपट्टी आधी बाजूच्या खिडकीत दिसते, मग सरकत समोरच्या काचेत येते. दोन चित्रांच्या सांध्यावर धावपट्टीचा काठ किंचित तुटलेला दिसला. खालून येणारी रेघ वर चढून पुढे जावी, तसा.

"सर, धावपट्टीला पायरी आहे," ती म्हणाली.

मास्तरांनी मान लांब करून पाहिले. त्यांच्या जागेवरून सांधा दिसतच नव्हता. तोवर विमान समोर आले, आणि नवरदेवाने एक श्वास थांबून ते सुरेख उतरवले.

चहाच्या सुट्टीत मास्तर बाहेर गेले. ते दोघे आतच थांबले. फवाराने नवरदेवाला पुन्हा वळण घ्यायला लावले आणि सांध्यावर बोट ठेवले. आवाज काय आकडा म्हणतो आणि डोळ्यांना काय वाटते, तेही मोजून दाखवले. तो बराच वेळ बघत राहिला.

"दिसतंय मला," तो म्हणाला. "पण दोन सेशन राहिलीत, ताई. मला पास व्हायचंय."

"मी लिहिते. तू फक्त खाली सही कर."

"मी लिहिलं तर म्हणतील, हिच्यासारखाच. सध्या मला काही बोलू नका."

तिने त्याला आणखी गळ घातली नाही. दारापाशी जाऊन वही काढली आणि उभ्या-उभ्या लिहिले: मधले चित्र बाजूच्या चित्रापेक्षा वर आहे. धावपट्टी जवळ भासते. उतरताना उंची चुकते. तपासावे. खाली एकटीची सही.

शिकणाऱ्यांनी वहीत लिहू नये असा नियम नव्हता. पण तसे कोणी लिहीत नसे. मास्तरांनी वाचले आणि त्यांचा चेहरा उतरला. रागापेक्षा त्यात वाईट वाटणे जास्त होते. ते म्हणाले, "आपलं चुकतंय तेव्हा यंत्राकडे बोट दाखवणारे मी खूप पाहिलेत. तू त्यातली नसशील असं वाटलं होतं."

वही वेळापत्रक सांभाळणाऱ्या साहेबांकडे गेली. मला एक दिवस बंद ठेवले तर पुढच्या तीन तुकड्यांचे गणित कोलमडणार होते. त्यांनी कंत्राटदाराच्या माणसाला बोलावले. तो जेवणाच्या सुट्टीत आला. त्याने संगणकावरची तपासणी चालवली. दिवा, रंग, वेग, सगळे हिरवे उमटले. ती तपासणी बोल्ट बघत नाही. रेघांची जाळी उमटवून शिडीवर चढायला पाऊण तास लागला असता, आणि त्याच्याकडे वीस मिनिटे होती. त्याने वहीत लिहिले: तपासले, दोष आढळला नाही.

परीक्षेच्या दिवशी फवाराने शहाणपण केले. डोळ्यांवर न जाता ती आवाजाच्या आकड्यांवर विमान उतरवू लागली. पहिले बरे उतरले. दुसऱ्या वेळी परीक्षकांनी ढग आणि वारा वाढवला, तिची नजर बाहेर गेली, आणि हात जुन्या सवयीवर गेले. धप्प. तिला नापास केले. बाकीचे अकरा जण पास झाले, आणि नवरदेव सगळ्यांत पहिला आला.

जाताना ती माझ्या दाराशी आपली बॅग घेऊन उभी होती. नवरदेव तिला सोडायला आला. तो खाली बघत होता.

"खऱ्या विमानात आकडे ऐक," ती त्याला म्हणाली. "तिसाला उचल. डोळ्यांना काहीही वाटू दे."

त्याने मान हलवली. ती गेली. पुन्हा फवारणीच्या विमानावर, असे मी नंतर ऐकले.

यानंतरचे दोन आठवडे माझ्यासाठी नेहमीसारखेच होते. जुने कॅप्टन आले, गेले. हॉलमध्ये पुढच्या तुकडीच्या याद्या लागल्या. बाहेर कुठेतरी माझे विद्यार्थी गणवेश शिवून घेत होते, बुटांना पॉलिश करत होते, एकेक करून खऱ्या विमानात बसत होते. त्यांच्या हातांत माझा तो एक श्वास होता, आणि कोणालाच त्याचा पत्ता नव्हता.

एका स्वच्छ दुपारी, वारा नाही, ढग नाही, अशा वेळी नवरदेवाने आपले चौथे खरे विमान उतरवायला घेतले. आधी तिन्ही वेळा विमान जरा जोरात टेकले होते, पण नव्या माणसाचे तसे होतेच, म्हणून कॅप्टनने समजून घेतले होते. पुढे काय झाले ते चौकशीच्या वेळी माझ्या पोटातच बसून सांगितले गेले, म्हणून मला शब्द न् शब्द ठाऊक आहे. आवाज पन्नास म्हणाला, चाळीस म्हणाला, तीस म्हणाला. नवरदेवाचे हात हलले नाहीत. कॅप्टनला वाटले, आता उचलेल. आवाज वीस म्हणाला, तेव्हा कॅप्टनने दांडा ओढला. उशीर झाला होता. विमान आपल्या सगळ्या वजनानिशी आदळले. डावीकडची चाके मोडली, पोट घासत ते धावपट्टीवरून गवतात गेले आणि धूर सोडत थांबले.

सगळे प्रवासी बाहेर पडले. मागच्या दारापाशी आपल्या आसनावर होती ती वरिष्ठ एअर होस्टेस. तिच्या पाठीचा मणका मोडला होता, तरी ती दारातून ओरडत राहिली, बसू नका, उडी मारा. शेवटचा माणूस उतरेपर्यंत ती ओरडली. मग तिला चौघांनी उचलून खाली आणले.

गवतात उभे असताना कॅप्टनने नवरदेवाला धरून विचारले, तू उचलत का नव्हतास. तो म्हणाला, "सर, मी थांबलो होतो. थांबायलाच शिकवलंय."

कॅप्टनने तिथूनच मास्तरांना फोन लावला आणि ते वाक्य जसेच्या तसे सांगितले.

मास्तर धावतच माझ्या हॉलमध्ये आले. चालू सत्र त्यांनी मध्येच थांबवले, आतल्या दोघांना बाहेर काढले आणि आल्या आल्या वही उघडली. फवाराच्या चार ओळी त्यांनी उभ्याने वाचल्या, मग खाली बसून पुन्हा वाचल्या. त्यांनी मिस्त्रींना घरी फोन केला. मिस्त्री घरातल्या चपला घालून, हातात पट्टी घेऊन अर्ध्या तासात आले. जाळी उमटवली, शिडीवर चढले, मोजले. मग आच्छादन काढून आत हात घातला.

"हा बोल्ट नुसत्या बोटांनी फिरतोय," ते वरून म्हणाले.

मास्तरांचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला. ते तोंडातल्या तोंडात मोजू लागले. अकरा पास झाले, त्यांतला एक आज गवतात. राहिले दहा. त्यांनी वेळापत्रकवाल्या साहेबांना बोलावले. दोघांनी माझ्या पायऱ्यांवर बसून यादी उघडली. सहा जण अजून खऱ्या विमानाची वाट बघत घरी होते. चार जण उडू लागले होते. एकीला विमानतळावर, बॅग हातात असताना गाठले. एक जण आजारी होता, झोपलेला सापडला. तिसऱ्याचे विमान नुकतेच सुखरूप उतरले होते आणि तो दुसऱ्या फेरीला निघत होता, त्याला दारातून मागे बोलावले.

चौथा हवेत होता. उतरायला बावीस मिनिटे होती, आणि आजचे उतरणे त्याच्याकडे होते.

विमानाला निरोप पोहोचवण्यासाठी फोनवर फोन झाले. एकाने दुसऱ्याला सांगायचे, दुसऱ्याने तिसऱ्याला, तिसऱ्याने रेडिओवरून. साहेब एकामागून एक नंबर लावत होते. मिस्त्री शिडीवरून उतरायचे विसरले. मास्तर फोन कानाला लावून उभे होते. मी बंद होतो, तरी मला वाटले, माझ्या पडद्यावर कुठलीतरी धावपट्टी वर वर येते आहे.

शेवटी पलीकडून कोणीतरी सांगितले की निरोप पोहोचला. कॅप्टनने दांडा स्वतःकडे घेतला. विमान उतरले. मास्तर फोन हातात तसाच धरून पायरीवर बसले आणि रडले. बावीस वर्षांत मी त्यांना रडताना पाहिले नव्हते.

चौकशी तीन महिने चालली. फवाराला साक्षीला बोलावले, तेव्हा ती माझ्याच खुर्चीत बसून सांगत होती. सगळे गेल्यावर मास्तर तिच्यापाशी थांबले. तू सांगत होतीस आणि मी ऐकले नाही, असे ते म्हणाले. त्यांनी क्षमा मागितली.

मग ती म्हणाली, "मीही लिहिलं आणि घरी गेले, सर. तपासलं म्हणून खाली लिहिलेलं मी वाचलं होतं. दुसऱ्यांदा लिहायला हवं होतं. ते मी केलं नाही. घरी लेक वाट बघत होती, मला जायचं होतं."

त्या दोघांचे त्यापुढचे बोलणे मी सांगणार नाही. ते त्यांचे होते.

पास झालेल्यांना पुन्हा शिकवले, दुसऱ्या गावच्या सिम्युलेटरवर. त्यांच्याबरोबर फवारालाही घेतले. पहिल्याच दिवशी तिने विमान अलगद टेकवले, असे मी ऐकले. आज ती उजव्या खुर्चीतून डाव्या खुर्चीत गेली आहे, म्हणजे कॅप्टन झाली आहे. मास्तरांनी शिकवणे सोडले. नवरदेवाचे लग्न झाले, ठरलेल्या मुलीशीच, पण तो पुन्हा कॉकपिटमध्ये बसला नाही. त्याच्यावर कोणी ठपका ठेवला नव्हता, तरी नाही. आणि ती खणखणीत आवाजाची बाई दोन काठ्या घेऊन चालते. तिला अजून पायऱ्या चढता येत नाहीत.

मला कंपनीने काढून टाकले. आता मी एका तंत्रशाळेच्या मागच्या खोलीत आहे. माझे पाय काढून घेतले आहेत, त्यामुळे मी हलत नाही. पडदा मात्र चालतो. तुमच्यासारखी मुले रांगेने येतात, दोन-दोन मिनिटे दांडा धरतात, विमान पाडतात आणि खिदळत उतरतात. मला आवडते ते.

तो बोल्ट आता घट्ट आहे, मिस्त्रींनी स्वतः आवळला आहे. पण मित्रांनो, माझ्यात असे हजारो बोल्ट आहेत, आणि दिवसेंदिवस मी जुना होतो आहे. त्यांतला कुठला आज सैल आहे, हे मला ठाऊक नाही. त्या वेळीही नव्हते. मला ते आतून कळूच शकत नाही, हीच माझी मोठी भीती आहे. यंत्रे तुम्हाला रोज काही ना काही दाखवतील, आणि ती अगदी खात्रीने दाखवतील. त्यांना पुसा, तेल घाला, त्यांचे दिवे बदला, हे तर कराच. पण तुमच्या डोळ्यांना काही खटकले, तर ते मोठ्या माणसांना सांगा. त्यांनी हसण्यावारी नेले, तर पुन्हा सांगा. आणि शेजारचा कोणी एकटाच सांगत असेल, आणि तुम्हालाही ते दिसत असेल, तर खाली बघू नका. त्याच्या बाजूला जाऊन उभे राहा. त्या दिवशी माझ्यात दोन खुर्च्या होत्या, दोन माणसे होती, आणि दिसले दोघांनाही होते.